आम्ही छाटतो

त्या बागेत माणसं मोजत नसत, कात्र्या मोजत. सकाळी मुकादम बांधावर उभा राहून विचारायचा, "आज किती कात्र्या?" कुणीतरी ओरडून आकडा सांगायचं. जेवढ्या कात्र्या तेवढे गडी, आणि प्रत्येक गड्यामागे एक बाई, ती धरलेलीच. तिला वेगळं मोजायचं कारण नव्हतं. तिला नाव होतं 'मागची'. कात्री पुढं चालते, द्राक्षाच्या काड्या छाटते. मागची तिच्या मागून चालते, पडलेल्या काड्या गोळा करते, वेलीवर राहिलेल्या काड्या सुतळीनं तारेला बांधते आणि भारा डोक्यावर घेऊन बांधापर्यंत नेते. कात्रीला पूर्ण हजेरी, मागचीला अर्धी. हे कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, असं विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

धाकटी ही वस्तादाची मागची होती आणि बायकोही. सासरी आली तेव्हा घरातली सर्वांत लहान सून, म्हणून धाकटी. पुढे थोरल्या जावा पांगल्या, सासू गेली, हिच्या कानाजवळचे केस पिकले, पोरगी दहावीला आली, तरी ही आपली धाकटीच. वस्तादाला मात्र त्याचं नाव कमवावं लागलं होतं. आसपासच्या निम्म्या गड्यांना कात्री धरायला त्यानंच शिकवलं होतं. काडीवर दोन डोळे राखायचे, कारण नवा फुटवा त्या डोळ्यांतूनच यायचा असतो. डोळ्याच्या वर थोडी जागा सोडायची. काप तिरका द्यायचा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. मुकादम सगळ्यांवर खेकसायचा, पण वस्तादाशी बोलताना आवाज जरा खाली ठेवायचा.

मागच्या हंगामाच्या शेवटी वस्तादाचा उजवा अंगठा अडकायला लागला. कात्री मिटली की अंगठाही मिटलेलाच राहायचा. डाव्या हातानं तो ओढून सरळ करावा लागायचा आणि सरळ होताना टक्कन वाजायचा. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि म्हणाले, "काम बंद ठेवा."

"किती दिवस?" वस्तादानं विचारलं.

"हेच काम बंद ठेवा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं.

बाहेर आल्यावर वस्ताद हसला. "उद्या म्हणेल, श्वास बंद ठेवा. फुकटचा सल्ला द्यायला काय जातं त्याचं." पण घरी येईपर्यंत तो हात त्यानं खिशातून बाहेर काढला नाही.

या हंगामात ओळीच्या तोंडाशी कात्री त्याच्याच हातात असायची. चार वेली आत गेलं, पानांचा आडोसा झाला, की धाकटी मुकाट्यानं हात पुढं करायची आणि तो मुकाट्यानं कात्री द्यायचा. सुतळीचा गुंडा त्याच्याकडे जायचा. लांबून मुकादमाच्या चपला फटफटल्या की पुन्हा अदलाबदल. यावर नवरा-बायकोत एकदाही बोलणं झालं नव्हतं. एखाद्या घरात गळकं छप्पर असतं, त्याखाली भांडं ठेवायची सवय होऊन जाते, तसंच हे. टोळीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. गड्यांनी वस्तादाकडून काम शिकलं होतं, आणि आज त्याचा अंगठा अडकला, उद्या आपला अडकेल, हेही त्यांना कळत होतं.

एक गोष्ट मात्र टोळीला माहीत नव्हती. धाकटीला छाटायला आवडायचं. इतकी वर्षं मागून चालून तिनं नवऱ्याचे काप पाहिले होते, त्यातले काही मनातल्या मनात चुकीचेही ठरवले होते. कात्री हातात आली तेव्हा पहिले दोन दिवस मनगट सुजलं, तिसऱ्या दिवसापासून हात आपोआप चालायला लागला. वेलीसमोर उभं राहिलं की कुठली काडी ठेवायची आणि कुठली घालवायची ते तिला दिसायचं. असं काही दिसणं हा तिच्या आयुष्यातला नवा प्रकार होता. नवऱ्याच्या दुखण्यावर आपण खूश होतोय की काय, या विचारानं तिला अधूनमधून लाजही वाटायची.

पाऊस त्या वर्षी नावापुरता झाला होता. विहिरीचा तळ दिसायला लागला होता. एरवी छाटलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब धरायचा, यंदा काप कोरडेच राहत होते. मालक रोज संध्याकाळी विहिरीत डोकावून जायचा, आणि तो डोकावून गेला की मुकादमाचा आवाज चढायचा.

अशा दिवसांत ती मोबाइलवाली ताई आली. कुठल्याशा संस्थेची होती. वयानं लहान, उन्हानं लालबुंद झालेली, पाठीला पिशवी. दुपारच्या सुट्टीत बाया शेडखाली भाकरी सोडून बसल्या होत्या, तिथं येऊन तिनं सगळ्यांना हात जोडले आणि सरळ मातीतच बसली. तिच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप होतं. बाई काय काम करते, तिला किती मिळतं, तेच काम करणाऱ्या गड्याला किती मिळतं, हे त्यात सांगायचं. लिहायला नको, वाचायला नको. ते अ‍ॅप बोलून विचारतं, आपण बोलून सांगायचं. मग दोन खांब दिसतात, एक गड्याचा, एक बाईचा. कुठला उंच, कुठला बुटका, ते कुणालाही कळावं.

"ते आम्हाला खांबांशिवायही कळतं," उंची म्हणाली. उंची म्हणजे टोळीतली सर्वांत ताडमाड बाई. नवरा वारल्यापासून ती दिराच्या कात्रीमागे चालायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"तुम्हाला कळतं हो," ताई म्हणाली. "लोकांना कळायला हवं. ही द्राक्षं जी कंपनी विकत घेते, तिनं लिहून दिलंय की सारख्या कामाला सारखाच दर देणाऱ्याचा माल घेऊ. त्यांच्यापुढे हे खांब ठेवता येतात."

मोबाइल आधी उंचीकडे गेला. अ‍ॅपनं गोड आवाजात विचारलं, "आपण स्त्री आहात की पुरुष?"

"आता हेही सांगावं लागणार का?" उंचीनं विचारलं, आणि शेडभर हशा पिकला. पण पुढच्या प्रश्नाला गाडी अडली. बाईचं काम काय? मागची. गड्याचं काम काय? कात्री. अ‍ॅपनं थोडा विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं, "कामं वेगळी आहेत. तुलना करता येत नाही." दुसरीचं तेच, तिसरीचंही तेच. खांब काही उभे राहीनात.

ताईचा चेहरा उतरला. "एकही बाई छाटत नाही का इथे?"

एकीनं पाण्याचा तांब्या उगाच हलवला. सगळ्या जणी सगळीकडे पाहत होत्या, फक्त धाकटीकडे पाहत नव्हत्या. त्यावरून ताईला जे समजायचं ते समजलं. तिनं मोबाइल धाकटीपुढे धरला. धाकटीचा घास तोंडातच राहिला. गडी लांब बांधावर बसले होते, त्यांत वस्ताद पाठमोरा दिसत होता.

"आपण काय काम करता?" अ‍ॅपनं विचारलं.

"आम्ही छाटतो," धाकटी हळूच म्हणाली.

अ‍ॅपनं ते जोडीच्या कामात टाकलं. जोडीची तुलना होत नाही, ताईनं समजावलं. "आम्ही नका म्हणू, काकू. आम्ही म्हटलं की बाई छाटतेय की गडी, ते त्याला कळत नाही. मी म्हणा. मी छाटते."

"तेच म्हटलं ना मी. आम्ही छाटतो."

"मी छाटते."

"हो. आम्ही..."

ताई थकून हसली. धाकटीही हसली. 'मी जेवते', 'मी झोपते' हेसुद्धा ती कधी म्हणाल्याचं तिला आठवेना. आम्ही येतो, आम्ही बघतो, आम्हाला चालतं. त्या 'आम्ही'त ती सुखानं मावत होती. 'मी छाटते' म्हणायचं म्हणजे लगेच दुसरा प्रश्न उभा राहणार होता, की मग ते काय करतात?

जाताना ताईनं अ‍ॅप धाकटीच्या घरातल्या मोबाइलवर घालून दिलं. तो मोबाइल पोरीच्या अभ्यासासाठी घेतला होता, पण दिवसभर धाकटीच्या कमरेच्या पिशवीत असायचा, पोरगी शाळेतून फोन करायची म्हणून.

संध्याकाळी पोरीनं ते अ‍ॅप बघितलं आणि तिला खेळच सापडला. "आई, म्हण ना. मी छाटते. सोपं तर आहे."

"तुझ्या आईला 'मी' कुठं येतं?" वस्ताद भिंतीला टेकून बसला होता. कोमट पाण्यात त्यानं अंगठा बुडवून ठेवला होता. "ती आली तेव्हा मी विचारलं, तुला काय आवडतं? तर म्हणाली, आम्हाला काहीही चालतं. मला वाटलं, माहेरची सगळी माणसं सोबत आणलीत की काय."

पोरगी खिदळली. धाकटीही हसली. मग वस्ताद पाण्यातल्या हाताकडे बघत म्हणाला, "सांगायचं असेल तर सांग. खोटं थोडंच आहे." हे तो इतक्या हलक्या आवाजात म्हणाला की धाकटीनं तिथल्या तिथे ठरवलं, सांगायचं नाही. तो रागावला असता तर कदाचित तिनं सांगितलंही असतं.

पुढच्या आठवड्यात मालकानं मागच्यांचा दर उतरवला. मुकादमानं सकाळी जाहीर करून टाकलं. यंदा काड्या बारीक आहेत, भारे हलके होतात, बांधायलाही कमी, म्हणून मागचीला अर्धी नाही, पाव हजेरी. कात्रीचा दर आहे तोच, कारण छाटायला बारीक काय आणि जाड काय, वेल तेवढीच. ज्यांना परवडत नसेल त्यांच्यासाठी रस्ता मोकळा आहे. आजूबाजूच्या दोन बागा पाण्याअभावी सोडून दिल्या होत्या आणि त्यांतली माणसं काम विचारत फिरत होती, तेव्हा रस्ता खरोखरच मोकळा होता.

त्या दिवशी उंचीनं धाकटीला भारे टाकायच्या जागी गाठलं. डोक्यावरचा भारा न उतरवताच ती बोलायला लागली. "धाकटे, तुझ्या एका वाक्यावर अडलंय सगळं. तू म्हणालीस की मी छाटते आणि मला पाव मिळते, की खांब उभे राहतात. मग कंपनी विचारेल या मालकाला."

"आणि यांचं काय?"

"त्याचं काय? सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं गं," धाकटी म्हणाली. सगळ्यांना माहीत असताना कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळेच तर वस्ताद अजून वस्ताद होता. उंचीनं भारा आपटला आणि निघून गेली. दोन दिवस ती धाकटीशी बोलली नाही. टोळीतल्या इतर बायाही पाणी पिताना तांब्या तिच्याकडे सरकवायच्या, पण कुणी काही म्हणायचं नाही. पाव हजेरी घेऊन घरी जाणाऱ्या त्या बायांपुढे धाकटीला मान वर करता येईना.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका दुपारी मुकादम मालकाला घेऊन त्यांच्या ओळीत आला. चपलांचा आवाज वेळेवर ऐकू आला, अदलाबदल झाली. वस्ताद कात्री घेऊन वेलीपुढे उभा राहिला, धाकटी सुतळी घेऊन मागे. मालकानं छाटलेल्या वेली बघितल्या. एका काडीवर बोट फिरवलं. काप तिरका, गुळगुळीत, दोन डोळे टपोरे.

"याला म्हणतात हात," मालक म्हणाला. "वस्ताद, तुम्ही आहात म्हणून ही बाग उभी आहे."

वस्तादानं पायाखालच्या काड्या पायानं बाजूला सारल्या.

मग मुकादमानं बांधलेली काडी हलवली. गाठ सुटली आणि काडी लोंबायला लागली. दुसरी हलवली, तीही सुटली. त्या गाठी वस्तादानं दुखऱ्या हातानं मारल्या होत्या, त्या सैलच बसायच्या.

"हे काय गं?" मुकादम धाकटीवर ओरडला. "नवरा सोन्यासारखं काम करतो आणि तू मागून त्याची माती करतेस? हात दुखतात का बांधायला?"

"जरा शिक नवऱ्याकडून," मालक समजुतीच्या सुरात म्हणाला. "इतकी वर्षं मागे चालतेस त्याच्या, काहीच कसं लागलं नाही तुला?" आणि मुकादमाला म्हणाला, "आजची हिची हजेरी धरू नकोस."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं. तो आता काहीतरी बोलेल, निदान 'असू द्या' म्हणेल, असं तिला वाटलं. त्यानं कात्री या हातातून त्या हातात घेतली आणि पानांकडे बघत राहिला. ते दोघं पुढच्या ओळीला गेले, चपलांचा आवाज बंद झाला, तरी तो तसाच बघत होता.

मग नेहमीसारखा धाकटीनं हात पुढं केला नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, पोरीनं दाखवलं होतं तसं बोट ठेवलं. अ‍ॅपनं आपल्या गोड आवाजात विचारलं, "आपण काय काम करता?"

"मी छाटते," धाकटी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ही सगळी ओळ मी छाटली. ती पलीकडचीही मीच. मी छाटते आणि बोलणी खाते बांधणीची. कात्रीच्या गड्याला पूर्ण मिळते. मला अर्धी मिळायची, आता पाव मिळते, आज तीही नाही."

"आभारी आहोत," अ‍ॅप म्हणालं.

वस्तादानं सगळं ऐकलं. तो जवळ आला, कात्री तिच्या हातात दिली आणि सुटलेल्या गाठी पुन्हा मारायला खाली बसला. सुतळी त्याच्या अंगठ्याखालून तीनदा निसटली. धाकटीला वाटलं, त्याच्याजवळ बसावं, ती गाठ आपणच मारावी. पण वेली बऱ्याच राहिल्या होत्या. ती वळली आणि छाटायला लागली.

ताईचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. तिला आनंद आवरत नव्हता. खांब उभे राहिले होते. "काकू, काळजी करू नका. तुमचं नाव कुठेही येत नाही. बागेचं नावसुद्धा फक्त कंपनीला कळतं."

ते खरंच होतं, नाव कुठंही आलं नाही. पण संस्थेतल्या कुणाला तरी ते बोलणं फार आवडलं आणि त्यांनी अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर धाकटीचा आवाज लावला. बोट ठेवलं की ऐकू यायचं, 'मी छाटते.' शहरातल्या लोकांना वाटतं, नाव झाकलं की माणूस झाकलं. इथं तर भिंतीपलीकडून खोकला ऐकून कोण आजारी ते सांगतात. दोन दिवसांत तो आवाज नळावर, पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानात ऐकून झाला. पोरांनी शाळेत पोरीला ऐकवला. गिरणीवाला वस्तादाला म्हणाला, "वस्ताद, आता तुम्ही घरी स्वयंपाक करता का?" आणि वस्ताद इतरांबरोबर हसला. घरी येऊन तो पालथा पडला आणि जेवायला उठला नाही.

मालकानंही ऐकला. त्यानं आरडाओरडा केला नाही, तसा तो शांत माणूस होता. सकाळी कात्र्या मोजून झाल्यावर तो टोळीपुढे आला, मोबाइल वर धरला आणि सगळ्यांना ऐकवला. 'ही सगळी ओळ मी छाटली.' धाकटीला स्वतःचा आवाज परक्या बाईचा वाटला.

"वस्ताद, मला यात काही खरं वाटत नाही," मालक म्हणाला. "ही वेल छाटून दाखवा. एवढंच. मग मी त्या ताईला सांगतो की बाई खोटं बोलली."

मालकाला खोटंच हवं होतं. वस्तादाला तेवढी एक वेल छाटायची होती. धाकटी मनातून म्हणत होती, छाटा, कशीही छाटा, मी खोटी ठरते, ठरू दे. वस्तादानं कात्री घेतली. पहिली काडी नीट कापली. दुसरीला अंगठा अडकला. त्यानं डाव्या हातानं तो सोडवला. ते टक्कन झालेलं पूर्ण टोळीनं ऐकलं. तिसऱ्या काडीला कात्री अर्ध्यात रुतली, ना मिटे ना उघडे. कपाळावरून घाम ओघळला आणि ओढता ओढता कात्री सुटून मातीत पडली. ज्यांना त्यानं शिकवलं होतं ते गडी खाली बघत होते.

ती कात्री कुणीच उचलेना. शेवटी धाकटी पुढं झाली. कात्री मातीत पडलेली तिला बघवत नव्हती, एवढंच. हातात आल्यावर अर्धी राहिलेली काडी तिनं पुरी कापली, आणि एकदा सुरू झाल्यावर उरलेली वेलही छाटून टाकली. तिला थांबता आलं नाही.

"छान," मालक म्हणाला. तो मनापासून म्हणाला. "खरंच छान छाटते." मग त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "बरं झालं, कळलं. म्हणजे इतके दिवस मी कात्रीचे पैसे दिले ते न छाटणाऱ्या माणसाला. जाऊ द्या, मागचं मी काढत नाही. यापुढे ती छाटेल, हे बांधतील. बांधणीचा जो दर आहे तो यांना. माझ्याकडे कामाप्रमाणे दर."

"आणि तिला कात्रीचा," उंची मागून म्हणाली.

"कात्री म्हणजे गडी," मालक म्हणाला. "बाई कधी कात्री झालीय का? बाईला बाईचा दर, पाव हजेरी."

"मालक, त्याला कामाचा दर आणि तिला बाईचा? असं कसं?"

"मग कसं?" मालकानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं रस्त्याकडे पाहिलं. तिथं सकाळपासून काम विचारायला आलेली माणसं उभी होती, त्यांतल्या काहींनी घरच्या कात्र्या आणल्या होत्या. उंचीनंही तिकडे पाहिलं. तिचा दीर तिला कोपरानं ढोसत होता. ती मागे सरली.

धाकटीला सगळं कळत होतं. एकाच तोंडानं या माणसानं दोन मापं लावली होती आणि दोन्ही मापांत आपलंच घर कमी भरलं, हे तिला लख्ख दिसत होतं. पण होतं नव्हतं ते एक वाक्य तिनं बोलून टाकलं होतं. पोरीची शाळा, वस्तादाचं औषध, घरातलं धान्य, हे सगळं त्या एका पूर्ण हजेरीवर चाललं होतं आणि आता ती पूर्ण हजेरी घरात कुणाचीच नव्हती. तिनं विचारलं एवढंच, "कात्री कोणती घेऊ?" मुकादम म्हणाला, "हीच घे. वस्तादाला आता काय करायचीय?"

दोघं ओळीत शिरले. आता अदलाबदल करायची गरज नव्हती. तोंडापासूनच ती पुढं आणि तो मागं. शेजारच्या ओळीतून कुणीतरी मजेत हाक मारली, "काय मागची, सुतळी पुरतेय ना?" ज्यानं हाक मारली त्याला कात्री धरायला वस्तादानंच शिकवलं होतं. वस्ताद म्हणाला, "पुरते, पुरते." भारा झाला की तो डोक्यावर घ्यायचा आणि बांधापर्यंत बायांच्या रांगेतून जायचा. बाया त्याला वाट द्यायच्या. ते वाट देणं त्याला हाकेपेक्षा जास्त लागत असावं, कारण परत येताना तो रांग टाळून काट्याकुट्यातून यायचा.

एकदा धाकटी छाटता छाटता म्हणाली, "चुकलंच माझं."

"काय चुकलं? छाटत होतीस की." मग सुतळी तोडत तो म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मुकादम गाठी ओढत होता तेव्हा. म्हणायला हवं होतं, गाठी माझ्या आहेत." आणि त्यानं पुढची काडी बांधायला घेतली. तेव्हा तो बोलला असता तर काय झालं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. हेच झालं असतं.

ताई पुन्हा आली ती हंगाम संपत आल्यावर. शेडखाली आली, पण या वेळी हात जोडताना तिची नजर खाली होती. कंपनीचा माणूस बागेत येऊन गेला होता, तिनं सांगितलं. मालकानं त्याला दाखवलं की इथं जी छाटते आणि जो बांधतो, त्या दोघांना एकच दर आहे. माणूस खूश होऊन गेला. बाकीच्या मागच्यांचा दरही पावच राहिला, कारण त्यांचं काम वेगळं.

"मी पुन्हा तक्रार करते, काकू," ताई म्हणाली. "आपण पुन्हा भरू. आताचं खरं खरं सांगा."

धाकटीला नको होतं. पण ताई उन्हातून इतकी लांब आली होती, तिला नाही तरी कसं म्हणायचं? तिनं मोबाइल काढला. आपण स्त्री आहात की पुरुष? स्त्री. काय काम करता? मी छाटते. या वेळी ते सहज आलं. किती मिळतं? तिनं सांगितलं. या वेळी शेवटी एक नवा प्रश्न होता, आपल्या घरातल्या पुरुषाला किती मिळतं? तिनं तेही सांगितलं.

अ‍ॅप जरा थांबलं. मग दोन खांब उगवले, अगदी एका उंचीचे, दोन्ही हिरवे. टाळ्यांचा आवाज सुरू झाला, रंगीत कागदाचे तुकडे पडद्यावर वरून खाली पडायला लागले आणि तो गोड आवाज म्हणाला, "अभिनंदन! आपल्या घरात वेतनाचा फरक शून्य आहे."

ताईनं झटकन मोबाइल घेतला, कुठं कुठं बोटं दाबली, पण टाळ्या थांबेनात. शेडभर बाया घास हातात धरून त्या ऐकत होत्या. वस्ताद बांधावर गड्यांपासून जरा दूर एकटाच बसायचा आताशा. त्यानं मान वळवली.

"काय म्हणतंय गं?" त्यानं लांबून विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "आपण दोघं सारखे झालो म्हणतंय."